बाबांच्या खोलीतली ओल

१० एप्रिल

पुन्हा डाग! गेल्याच वर्षी रंग दिलाय. बाबांच्या पलंगाशेजारी भिंतीला पोपडे धरलेत, खोलीत कुबट वास. बाहेर ऊन मी म्हणतंय — मग ओल कुठून? रंगारी आला, भिंतीवर टकटक करून म्हणाला, "ताई, डॅम्प आहे." एवढं मलाही दिसत होतं.

१२ एप्रिल

ज्याच्या त्याच्या तोंडी डॅम्प! रंगारी म्हणतो तेव्हा गच्चीतून झिरपणारं पाणी. प्लंबर म्हणतो तेव्हा भिंतीतला पाईप. बाबांचा खोकला तपासताना डॉक्टर म्हणाले, डॅम्प खोली नको — म्हणजे दमट हवा. हे सगळे एकाच भिंतीबद्दल बोलताहेत ना? आपल्याकडे शब्द काय कमी आहेत! ओल, दमट, कोंदट. बिस्किटं तर सादळतात.

दादाला फोनवर हे सांगितलं. उगाच सांगितलं. "रविवारी येतो, बाबांना घेऊन जातो. त्या खोलीत मारतेस का त्यांना?" बाबांना इथून जायचं नाहीये. मलाही ते इथेच हवेत.

१३ एप्रिल

पाईप ठीक. गच्चीही ठणठणीत कोरडी. आता?

१४ एप्रिल

काल रंगाऱ्याने भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवला होता. मागून थेंब धरले तर ओल भिंतीतली, पुढून धरले तर खोलीतल्या हवेतली. आमच्याकडे पुढून! तोच डोकं खाजवायला लागला. "ताई, खोलीत काही शिजवता का?"

काय शिजवणार, कपाळ! दिवसभर मी ऑफिसात, खोलीत एकटे बाबा, दार लावून. निदान खिडकी तरी उघडी ठेवा म्हटलं, तर केवढ्यांदा खेकसले — "धूळ येते!" जन्मात कधी आवाज चढवला नाही या माणसाने. मला काही म्हणता काही कळत नाहीये.

१५ एप्रिल

ऑफिसातून लवकर आले. बाबा खाली बाकावर बसलेले. त्यांच्या खोलीत गेले — कपाटामागे दोरी, दोरीवर त्यांची चादर आणि पायजमे. हाताने धुतलेले, नीट पिळताही न आलेले, खाली थेंब थेंब. वास आला आणि कळलं. वळले तर बाबा दारात.

"दादाला सांगू नकोस. रात्री अंथरूण ओलं होतं म्हटलं की..." आणि दोरीवरची चादर ओढून घेतली.

दादाला फोन केला. म्हटलं, भिंत दुरुस्त झाली, येऊ नकोस.