टिळा लावलेलं मशीन

आई, सगळ्यात आधी आली ती समोरची भाभी. आपल्या फ्रीगंज मोहल्ल्यात कुणाच्या दाराशी जीप थांबली की हिला घरात राहवत नाही. दोन माणसं उतरली, कडक इस्त्रीचे कपडे, हातात खोका, आणि ही त्यांच्या मागोमाग आमच्या दारात. "माँजी, लड़केवाले आ गए? बताया भी नहीं!" म्हटलं, अगं, नातीला बघायला नाही, तिच्या मशीनला बघायला आलेत, इंदूरहून. तोंड एवढंसं झालं बिचारीचं. तरी बसलीच. पोहे झालेले होते, वर शेव घातलेली, मग कोण उठतंय.

तुला कसं समजावू? तुझ्या वेळी आपल्याकडे रेडिओसुद्धा नव्हता. आता कोपऱ्याकोपऱ्यावर फोनची दुकानं झालीत, आणि माझ्या बाळंतपणाला येऊन तू ज्या खालच्या खोलीत राहिली होतीस ना, तिथे एका कंपनीची दोन मोठी कॉम्प्युटर मशीनं बसलीत. सर्व्हर म्हणतात त्यांना. इथल्या एका दवाखान्याचं सगळं काम त्यांच्यावर, कोण भरती झालं, कुणाला कुठलं औषध. माझी नात ती सांभाळते. धूळ नको म्हणून मी भैरवगढ़ची छापील चादर दिली होती, तर म्हणाली, आज्जी, त्यांना गरम होतं. घ्या! माणसाला पंखा आणि त्यांना एसी.

एक मशीन काम करतं आणि दुसरं तयार बसतं. दोघं सारखी एकमेकांना विचारत असतात, आहेस ना, आहेस ना. एक गप्प झालं की दुसरं लगेच काम उचलतं. जीप आली त्याच दिवशी सकाळी एक गप्प झालं. आत तळहाताएवढी हिरवी पट्टी असते, नेटवर्क कार्ड, बाहेरची तार तिच्यात खोचतात. ते कार्ड गेलं. दुसऱ्याने काम उचललं, दवाखान्याला पत्ताही लागला नाही. पण कंपनीचा मालक आधीच बोलून बसला होता, एकदा जरी काम अडलं तर मशीनं इंदूरला हलवीन. म्हणजे नातही तिकडेच. आणि या पोरीने दवाखान्याला शब्द दिलेला, कार्ड बदलतानासुद्धा काम थांबणार नाही म्हणून.

आता दसऱ्याची गोष्ट सांगायलाच हवी. पूजेला मला खाली बोलावलं होतं. नात म्हणाली, आज्जी, हे मुख्य, यालाच लाव. मी लावला ठसठशीत टिळा, फूल वाहिलं. तो टिळा अजून तसाच होता, आणि कार्ड गेलं ते याच मशीनचं.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. त्या दोन इंजिनियरांतला मोठा मशीनांकडे बघतो, मान हलवतो. "तिलक वाला मेन है ना? तो खराबी इस दूसरे में होगी." आणि हात थेट बिनटिळ्याच्या मशीनच्या बटणाकडे. अगं, सकाळपासून दवाखान्याचं सगळं काम त्याच्यावरच चाललेलं! नात पुढे होऊन त्याचं मनगट धरते. आवाज चढवत नाही. "सर, रुकिए. सब इसी पर चल रहा है. पहले देख तो लीजिए."

मी ट्रे तिथेच खाली ठेवला. डोळ्यांपुढे खालची खोली नाही, तुझं स्वयंपाकघर. नवरात्रातला अखंड दिवा. काजळी धरली म्हणून मी वात सरकवायला जाते, आणि तू कणकेच्या हाताने माझं मनगट धरतेस. "आधी दुसरा लाव. तो नीट जळतोय का बघ. मग याला हात." केवढी रुसले होते मी. पुढे लग्नात तू तोच दुसरा दिवा, ते छोटं निरांजन, माझ्या हातात ठेवलंस, मला तर बांगड्या हव्या होत्या. नातीला हे कधीच सांगितलेलं नाही मी. मग तिच्या हातात ते मनगट धरणं आलं कुठून?

मग त्या माणसाने टिळ्यावाल्या मशीनचं कार्ड बदललं. तार खोचली, आणि बारका हिरवा दिवा लुकलुकायला लागला. दोन्ही मशीनं पुन्हा बोलायला लागली म्हणे एकमेकांशी. नातीने दवाखान्यात फोन लावला, काम नीट चालू आहे ना? तिकडची बाई म्हणते, "हाँ हाँ, चल रहा है. आप लोग कार्ड बदलना कब शुरू करेंगे?" मोठा इंजिनियर इतका हसला की पोह्यांच्या घासाचा ठसकाच लागला. "माँजी, आपके टीके ने तो मरवा दिया था!" भाभी म्हणाली, "टीका नहीं होता तो इतने में बचते भी नहीं."

मी डोळे पुसत होते. नातीने विचारलं तर म्हटलं, दवाखान्याच्या पेशंटांची काळजी वाटली गं. हे पत्र काही पोस्टाच्या डब्यात पडायचं नाही, तुझ्या निरांजनाखालीच राहील, म्हणून तुला खरं सांगते. पेशंट माझ्या मनातसुद्धा नव्हते. ती गेली असती तर संध्याकाळचा चहा मी कुणाबरोबर घेतला असता, एवढंच होतं.

दुसऱ्या मशीनचं कार्डही जुनंच झालंय, तेही बदलायला शुक्रवारी येतो म्हणालेत.