बसलेला गडी

१२ जानेवारी

पोचलो एकदाचा! आईनं बांधून दिलेला ठेचा विमानतळावरच्या तपासणीवाल्यानं डबा उघडून हुंगला, ठसका लागून लाल झाला आणि हात जोडून परत दिला. इंग्लंडमध्ये उतरल्या उतरल्या पहिला गुण वऱ्हाडाचा!

गाव समुद्राकाठी, उत्तरेकडे. क्लबनं खेळाडूंसाठी विटांचं दुमजली घर घेतलंय. माझी खोली वर. खिडकीसमोरच्या छपरांवर मांजराएवढे समुद्रपक्षी बसतात आणि तान्ह्या पोरासारखे रडतात. सोबतीला धर्मेंद्र आहे, अकोल्याचा, पकडीतला पक्का. मला पाहताच म्हणाला, "अमरावतीचा हायेस ना बे? मंजे बोलशीन जास्त, खेळशीन कमी." मी म्हटलं, अकोल्यात उन्हाशिवाय दुसरं काही पिकते का? दोघंही पोट धरून हसलो. आपल्या बोलीतला टोमणा इतका गोड असतो, हे इथं आल्यावर कळलं.

करार मार्चअखेरपर्यंत आहे. एप्रिलच्या सुरुवातीला पायलचे दिवस भरतात. बाळंतपणाला मी घरी असेन, हे तिला स्टेशनवर वचन दिलंय. ती म्हणाली, "नाही आला तं पोराले तुहं नाव सांगनार नाही."

१५ जानेवारी

इथला दिवस साचेबंद असतो. उठलं की वजन, मग मॅटवर सराव, मग बर्फाच्या पाण्यात बसणं. त्या टबात धर्मेंद्र आईच्या नावानं टाहो फोडतो आणि गोरा प्रशिक्षक ती प्रार्थना समजतो. दाराला कुलूप नाही, भिंतीवरच्या यंत्राला बोट टेकवलं की उघडतं. जेवण मार्गारेटबाई करतात. मी त्यांना फार वाळका वाटतो, म्हणून माझ्या ताटात एक बटाटा जास्त असतो.

मातीवर खेळून वाढलेल्या पायांना मॅट निसरडी वाटते. दोन दिवसांत जमेल.

१९ जानेवारी

पहिला सामना जिंकलो, चढाईत मी चमकलो.

कबड्डी हा एकच खेळ असा आहे, की त्यात मेलेला जिवंत होतो. समोरचा गडी बाद केला, की आपला बाद होऊन बसलेला गडी उठून परत खेळायला येतो. अमरावतीच्या आमच्या मंडळात यावरून एक रीत पडली आहे. आमचे प्रशिक्षक भगवंतराव सर, त्यांचा एकुलता मुलगा किशोर चढाईत माझा जोडीदार होता. दोन वर्षांपूर्वी अकोल्याची स्पर्धा खेळून परत येताना मूर्तिजापूरजवळ ट्रकनं त्याला उडवलं. तेव्हापासून बाद गडी बसतात त्या पट्टीत पहिली जागा आम्ही रिकामी ठेवतो आणि आमचा पहिला गुण झाला, की तिच्याकडे पाहून सगळे म्हणतात, "किशोर, ऊठ." 

सरांनी मला घडवलं आणि या क्लबाशी बोलून इथवर पाठवलं. निघताना त्यांनी एकच मागितलं. तिकडेही रीत पाळ, आणि तिकडे तू एकटा आहेस, तर प्रत्येक गुणाला म्हण. आज म्हटलं. सामन्यानंतर सरांना फोन करून तसं सांगितलं. मागे त्यांच्या पत्नीच्या, कौशल्याकाकूंच्या रडण्याचा आवाज येत होता.

२८ जानेवारी

लागोपाठ तीन सामने जिंकलो. प्रशिक्षक खूश. प्रत्येक सामन्यानंतर सरांचा फोन येतो. जिंकलो की हरलो हे ते विचारत नाहीत. किती वेळा म्हटलं, एवढंच विचारतात.

पायलनं आज गंमत सांगितली. शेजारच्या गोदाबाईंनी बडनेरा स्टेशनाच्या पुलावर मला पाहिलं म्हणे. हाक मारली तर मी ओळख दाखवली नाही. गोदाबाई दारात येऊन बोलून गेल्या, "परदेशात गेला मंतां अन् इथंच फिरून राहिला! शिष्ट झाला तुमचा ललित." आम्ही खूप हसलो. गोदाबाईंना मोतीबिंदू आहे.

३ फेब्रुवारी

दाराचं यंत्र माझं बोट घेईना. पाऊस अंगावर घेत उभा राहिलो, शेवटी धर्मेंद्रनं आतून उघडलं. क्लबच्या सचिवांनी ठसा नव्यानं घेतला. संध्याकाळी पुन्हा तेच.

मार्गारेटबाईंनी आज माझं ताट मांडलं नाही. आठवण केल्यावर दचकल्या, माफी मागितली आणि नाव विचारलं. त्यांना नाव माहीत होतं. रोज त्या "लॅलिट" अशी हाक मारायच्या.

पायल फोनवर तुटक बोलली. अंगणातली टाकी सकाळी कुणी भरली ते कळलं नाही, म्हणाली. माझ्या चपला दारात होत्या, त्या ओल्या होत्या.

९ फेब्रुवारी

 क्रमानं लिहितो.

दुपारी घरी व्हिडिओ कॉल लावला. पायलनं उचलला, स्क्रीनकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. मी काही बोलण्याआधी तिच्या मागे दार उघडलं. हातात दुधाची पिशवी घेऊन मी आत आलो.

मीच. माझा निळा शर्ट, कपाळावरची माझी खोक. पण उंबरा ओलांडताना त्यानं डावा पाय आधी टाकला आणि खाली वाकून उंबऱ्याला बोट लावलं. किशोर चढाईवरून परतताना मध्यरेषेला लावायचा तसं.

फोन बाबांनी घेतला. बाबा, म्हणजे देवराव, रेल्वेतून निवृत्त झालेला हिशेबी माणूस. मी ओरडून सांगितलं, हा मी नाही, मी इकडे आहे. बाबा शांतपणे म्हणाले, की ललित जखमी होऊन चार दिवसांपूर्वी परत आला, भगवंतरावांनीच त्याला स्टेशनवरून घरी आणून सोडलं. मी म्हटलं, तो किशोर आहे, मेलेला किशोर. तेव्हा बाबा चिडले. "भूतखेत आमी छप्पन सालीच सोडलं. कम्प्युटरवर आवाज अन् थोबाड बनवून फसवून राहिले तुमी लोक, समजते आमाले. पोलिसांनी गावात सांगितलं हाये." आणि फोन ठेवला.

भूत मानत नाहीत म्हणून त्यांनी त्याला मुलगा मानलं. ज्या बाबांचा मला आयुष्यभर अभिमान वाटला, त्यांच्या त्या शहाणपणानंच मला घराबाहेर काढलं.

१० फेब्रुवारी

सरांना फोन लावला. त्यांनी काहीच नाकारलं नाही, आवाजही चढवला नाही. दोन वर्षं मंडळात "ऊठ" म्हणत होतो, पण किशोर उठत नव्हता, म्हणाले. त्याला मूर्तिजापूरहून आणला तेव्हा देह म्हणून काही उरलंच नव्हतं. "उठनाऱ्या गड्याले जागा लागते ना बापू. आपल्याकडं सगळ्या जागा भरून होत्या. तू गेला, तुही खाली झाली."

मी रडत विचारलं, मीच का? मंडळात वीस पोरं आहेत.

म्हणाले, "तुह्यावर जीव हाये म्हनून. माह्या पोराले कोनाच्याही जागी बसवू का?"

११ फेब्रुवारी

विमानतळावर गेलो. तिकीटखिडकीवरच्या बाईनं माझ्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं. मी पासपोर्ट काचेवर आपटला तेव्हा तिनं तो उचलला आणि कुणाचा तरी राहिला म्हणून बाजूच्या टोपलीत टाकला. हात घालून परत घेतला. कुणी अडवलं नाही. कुणाला दिसलंच नाही.

१४ फेब्रुवारी

आता म्हणत नाही. गुण घेतो आणि ओठ घट्ट मिटून परत येतो. पण उशीर झालाय. खेळाडूंची नावं पुकारताना निवेदक सातांतली सहा नावं घेतो आणि थांबतो.

विसरायलाही लागलोय. आजोबांचं नाव आठवत नाही. बडनेऱ्याच्या घरापुढे झाड आहे, ते कशाचं? मला जे जे आठवेनासं होतं, ते तिकडे त्याला आठवत असणार.

धर्मेंद्र मात्र मला पाहतो. तो एकटाच. त्याला सगळं सांगितलं. हसला नाही. मी म्हटलं, रीत उलटी फिरव. पुढच्या सामन्यात तू पकड केलीस, की माझं नाव घेऊन म्हण, "ललित, ऊठ." माझ्या गळ्यात हात टाकून म्हणाला, "मंतो ना लेका. अकोल्याचा शब्द हाये."

आज बऱ्याच दिवसांनी जेवण गेलं.

२२ फेब्रुवारी

धर्मेंद्रची पकड सुरेख झाली. घोटा धरला आणि गडी जागेवर बसवला. सगळे ओरडले. मी पट्टीत बसून त्याच्या ओठांकडे पाहत होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग नजर खाली केली आणि म्हणाला —

किशोर, ऊठ.

कपडे बदलायच्या खोलीत माझे पाय धरून रडला. भगवंतराव त्याला आठवड्यापासून फोन करत होते. मी म्हणायचं थांबवलं म्हणून. धर्मेंद्रचा धाकटा भाऊ कुंदन अकोल्याला विहिरीत बुडून गेला होता, हे मला माहीत नव्हतं. किशोर पुरता उठला की पुढे कुंदन, असा शब्द मिळालाय त्याला. मी म्हटलं, वेड्या, कुंदनला जागा कुणाची मिळणार? तुझीच ना? डोळे पुसत म्हणाला, "माहीत हाये. मले चालते. माय तं हासन."

त्याच्यावर रागही धरवेना. हे सगळ्यात वाईट.

२ मार्च

धर्मेंद्र दुसऱ्या खोलीत गेला. माझ्या खाटेवर क्लबनं सामान रचलंय. त्यातच झोपतो.

घरी फोन — रोज. माझा आवाज ऐकला की पायल ठेवून देते. काल ठेवण्याआधी ती हसत होती. त्याच्याशी. तिकडं कोणी काही बोललं आणि ती — माझ्याशी हसायची तसंच —

९ मार्च

आरशात मागची भिंत दिसते.

अजून पूर्ण नाही. कडा दिसतात. माझ्या —

पायलचे दिवस. एप्रिल. अजून वेळ आहे. एवढं धरून —

१६ मार्च

आईचा फोन! तिनं स्वतःहून केला, भरदुपारी, दवाखान्यातून, गोदाबाईंच्या फोनवरून. "ललित?" म्हणाली. माझं नाव. किती दिवसांनी कुणी —

आईला माहीत आहे! पहिल्या दिवसापासून. त्यानं ठेचा बाजूला सारला आणि साखर मागितली तेव्हाच ओळखलं म्हणाली. मी म्हटलं मग सांग ना, बाबांना सांग, पायलला —

आई म्हणाली, पोरगी झाली. काल. दिवसांआधीच. पायल मरता मरता वाचली. त्यानं रक्त दिलं, दोन दिवस दवाखान्याच्या पायरीवर बसून होता. पोरगी त्याच्याच हातात गप्प राहते.

म्हणाली, "तो इथं हाये रे बापू. तू नव्हता."

मी येत होतो आई. मी वचन —

रडते आहे. पण ठेवत नाही. तिला काहीतरी हवं आहे. 

फोन खाटेवर ठेवलाय, आवाज मोठा करून. लिहितोय म्हणजे निसटणार नाही.

आता बोलली. निघण्याच्या आदल्या दिवशी मी पायलला म्हटलं होतं, मुलगी झाली तर नाव मी ठरवलंय, जन्मल्यावर तिच्या कानातच सांगेन. ते पायल त्याला विचारते आहे. सारखी. त्याला सांगता येत नाही. पायल आज सकाळपासून त्याच्याकडे — तशी — पाहायला लागली आहे. पोरीला जवळ घेऊ देत नाही.

पायलला कळतंय. पायलला कळतंय!

कुणालाच सांगितलं नव्हतं ते नाव. म्हणून माझ्याजवळ राहिलं. तेवढंच राहिलं.

आई म्हणते, ते दे.

आई म्हणते, घर मोडीन रे. बाबा म्हातारे. पायल ओली बाळंतीण. तू काही येत नाहीस आता, मंग कशाले धरून ठेवतं.

माझी आई.

नाही. देणार नाही. नाव आहे तोवर पायल त्याला विचारत राहील. विचारत राहील तोवर मी —

मागं पोरगी रडते आहे. पहिल्यांदा ऐकतोय. इथल्या पक्ष्यांसारखं नाही. बारीक, रागीट. आईनं फोन तिच्याजवळ नेला. मुद्दाम. कळतंय मला मुद्दाम —

गप्प होत नाहीये.

आई म्हणते सगळं नको सांगू. पहिलं अक्षर सांग. तिले हाक मारायपुरतं. फक्त पहिलं —

पोरी, ऐक, मी तुझा —

फक्त पहि