खिडकी उघडताच ‘ताजे’

मंगळवार, ६ जानेवारी. गोंदिया.

आधी घटना, घडल्या त्याच क्रमाने. मत नंतर.

दिवाळीच्या सुट्टीनंतर बोली-प्रकल्पाच्या खोलीतला संगणक मी स्वतः लावून दिला. महाविद्यालयाच्या सर्व्हरवरची तपासलेली प्रत या संगणकावर आणणारी आज्ञा फार लांब. तिला मी ‘ताजे’ हे टोपणनाव दिले. माणसे विसरतात, म्हणून टर्मिनल (आज्ञा लिहायची खिडकी; ध्वनिमुद्रणेही तिथूनच वाजतात) उघडताच ‘ताजे’ आपोआप चालावे अशी ओळ, टर्मिनल सुरू होताना जी वाचते त्या सुरुवातीच्या फाइलच्या शेवटी घातली. त्यानंतर पुष्पा उईके, ध्वनिमुद्रणे ऐकून लिहून काढणारी आमची सहायक, तक्रार करू लागली की सकाळी लिहिलेला मजकूर दुपारी सापडत नाही. तिला समज दिली. पुन्हा तेच. पुन्हा समज, या वेळी सर्वांसमोर. डिसेंबरअखेर प्राचार्यांना टिपण दिले: ‘कामात हलगर्जी, ती झाकण्यासाठी असत्यकथन.’ काल तिला कामावरून कमी करण्यात आले.

मत: निर्णय योग्य. जाताना पु. दारात थांबून म्हणाली, “मी पुसत नाही जी, मॅडम. आपोआपच जाते.” आपोआप! हलगर्जी माणसांचा आवडता शब्द. गोंडी ध्वनिमुद्रणे आता कोण लिहिणार हा प्रश्न आहे; झाडीबोलीतली मी लिहीन.

शुक्रवार, ९ जाने.

सकाळभर आपल्या जिल्ह्यातल्या प्रतापगडकडच्या एका वृद्धाचे मोहफुलांविषयीचे बोलणे लिहून काढले. स्वल्पविरामासकट निर्दोष. जेवणानंतर ध्वनिमुद्रण अडकले. टर्मिनल बंद केले, नवे उघडले. सकाळच्या फाइली नाहीत.

पहिला विचार जसाच्या तसा लिहून ठेवते: आत कोण आले होते? शिपाई मोटघरे यांना हाक मारली, चढ्या आवाजात.

“मी त बाहेर बसून राहिलो होतो जी. आत कायले येऊ? चावी त तुमच्याजवळच हाये.”

चावी माझ्याच पर्समध्ये होती. जेवणाच्या वेळी कुलूप मीच लावले होते.

मग सुरुवातीची फाइल उघडली. शेवटची ओळ. ‘ताजे’ दिवसातून एकदा चालत नाही. टर्मिनलच्या प्रत्येक नव्या खिडकीबरोबर चालते, आणि सर्व्हरवर जे नाही ते या संगणकावरून काढून टाकते. सकाळचे काम सर्व्हरवर असणारच कसे? संध्याकाळी मी तपासल्याशिवाय तिथे काहीही चढवायचे नाही, हा माझाच नियम. आणि आवाज अडकला की खिडकी बंद करून नवी उघडावी, हे पु.ला शिकवणारीही मीच. ज्या दिवशी आवाज अडकत नसे, त्या दिवशी तिचे काम वाचत असे. म्हणून ते मला हलगर्जीसारखे दिसले. कधी होते, कधी नाही.

तिने प्रत्येक वेळी खरेच सांगितले. मी प्रत्येक वेळी

उद्या लिहीन.

शनिवार, १० जाने.

काल संध्याकाळी घरी, फुलचूरला, आल्यावर काय केले तेही नोंदवायला हवे. ती ओळ घरच्या लॅपटॉपवर दुरुस्त करत बसले. ‘ताजे’ दिवसातून एकदाच चालेल आणि न चढवलेले काम असेल तर आधी विचारेल, अशी सुबक योजना केली. पुन्हा पुन्हा तपासली. स्वतःवर खूश झाले. जेवायला बसल्यावर आठवले की पु. तिच्या गावी आहे, आणि तिथे लोकांनी तिला कारण विचारलेच असेल.

आधी यंत्र दुरुस्त केले. माणूस नंतर आठवले. मी अशी आहे हे मला माहीत नव्हते, असे म्हणायचीही सोय नाही.

सोमवार, १२ जाने.

प्राचार्यांना भेटले. उभ्यानेच सगळे सांगितले. ते हसले.

“अरे मॅडम, छोड़िए ना. मशीन की गड़बड़ लिख देते हैं. मशीन थोड़े ही बुरा मानेगी!”

मी म्हटले, “यंत्राने मी सांगितले तेच केले. टिपण खोटे ठरते. ते मागे घ्यायचे आहे.”

“मागे कसं घेणार? ते प्रकल्पाच्या समितीकडे गेलं. तुम्ही आता लेखी द्याल, तर समिती विचारेल, प्रमुख कोण होतं? फिर प्रोजेक्ट भी गया, और आप भी.” मग थोडे मऊ होऊन: “मुलीला फोन करा. सॉरी म्हणा. परत बोलवून घेऊ, चुपचाप. काय हरकत आहे?”

हरकत काय आहे हे मला नेमके सांगता आले नाही. ‘चुपचाप’ हा शब्द ऐकून सुटल्यासारखे वाटले, हेच लाजिरवाणे.

रविवार, १८ जाने.

फोन केला नाही. देवरीची बस धरली, पुढे ऑटो. पु. अंगणात धान वाळवत होती. मला पाहून उभी राहिली, पदर सारखा केला, खुर्ची आणली. “बसा, मॅडम.” एवढेच. तिच्या आईने पाणी दिले आणि सरळ विचारले, “काऊन काढली जी हिले? गाव पुसून रायला. हिनं काही चोरलं का?”

मी समजावून सांगू लागले. टोपणनाव म्हणजे काय, ते कधी चालते, सर्व्हर कुठे असतो. बराच वेळ बोलले. बोलता बोलता लक्षात आले की वाक्ये उत्तम जुळत आहेत, आणि त्यांच्यात ‘मी’ कुठेच येत नाही. ‘ओळ घातली गेली.’ ‘काम पुसले गेले.’

पु.ने धानावरून पाय फिरवत शांतपणे ऐकले. मग म्हणाली, “म्हणजे मी बरोबर सांगून राहिली होती?”

“हो.”

“सगळ्यांच्या पुढं सांगितलं होतं मी. तुमी म्हणल्या, आदिवासी पोरींना संगणकाची सवय नसते.”

हे वाक्य मी बोलले होते. मी विसरले होते, ती नाही.

“तवा काऊन नाही पाह्यलं, मॅडम? पाच मिनिटाचं काम होतं ना?”

क्षमा मागितली. म्हटले, उद्यापासून ये, प्राचार्य तयार आहेत. तिने आईकडे पाहिले. आई म्हणाली, “येईल का नाही ते तिचं ती ठरवल. च्या घ्या.” चहा घेतला. बसमध्ये मान वर करून बसता आले नाही. शेजारच्या बाईने दोनदा विचारले, तब्येत बरी नाही का.

गुरुवार, २२ जाने.

ती आली नाही. दुपारी मोटघरे पाकीट घेऊन आले. देवरीच्या बसच्या कंडक्टरने स्टँडवर त्यांच्या हाती दिलेले. “पुष्पाताईचं हाये. तुमच्याच हातात द्या, म्हणलं.”

तिच्या हातचा एकच कागद. वाचताना सवयीने लाल पेन उचलले. मग ड्रॉवरमध्ये टाकून दिले. कागद जसाच्या तसा इथे उतरवते. प्राचार्यांना दाखवलेला नाही. समितीच्या नावे कोरा कागद टेबलावर आहे, त्यावर अजून फक्त तारीख घातली आहे.

‘मॅडम, तुम्ही घरी आलात, क्षमा मागितली. ती आईने ऐकली आणि मी ऐकली. माझ्यावरचा आरोप मात्र समितीने वाचला आहे. काम मला हवे आहे, माझ्या आत्याचा आवाज त्या ध्वनिमुद्रणांत आहे, दुसऱ्या कोणाला तो कळणार नाही. पण गुपचूप परत येणार नाही. मी खोटे बोलले नव्हते, असे तुम्ही समितीला तुमच्या सहीने कळवणार आहात की नाही? फोन करू नये, घरी येऊ नये. होय किंवा नाही, जे असेल ते लेखी कळवावे.’