अठ्ठावीस अंडी

१८ फेब्रुवारी
आलो एकदाचे दक्षिण टोकाच्या का-माउ प्रांतात! सायगॉनच्या शिवणकारखान्यातली नोकरी सुटली, ते बरंच झालं. मामांनी मागे ठेवलेलं कालव्याकाठचं पत्र्याचं घर, परसात लाकडी पिंजरे आणि त्यांत सहा अजगर माद्या. थोरली तर अंड्यांवर आलेली. शेजारचे म्हातारे भावंडांत सातवे, म्हणून अख्खं गाव त्यांना सातकाका म्हणतं. वीस वर्षं ते हाच धंदा करतात. म्हणाले, "उंदीर टाक, पाणी ठेव आणि गप बस. वर्षात नवी मोटारसायकल घेशील." दिएप हसली. पोर पोटातच गेल्यापासून माझी बायको हसली नव्हती.

६ मार्च
थोरलीनं अठ्ठावीस अंडी घातली! त्यांना वेटोळं घालून पडलीय, सारखी थरथरते. त्या थरथरण्यानंच ऊब येते म्हणे. दिएप पिंजऱ्यासमोरून हलत नाही. सातकाकांनी सांगितलं, अंडी काढून भुश्याच्या पेटीत ठेव, मादी लवकर खायला लागेल. दिएप म्हणाली, "राहू दे ना रे तिच्यापाशी." मी म्हटलं, आपण धंदा करायला आलोय.

९ मार्च
अंडी काढली. मादीला धरायला चौघे लागले.

२० मार्च
मादी उंदराला तोंड लावेना. कातड्याच्या व्यापाऱ्याला देऊन टाकली. त्याच्या माणसांनी अंगणातच सोलली. दिएप दारात उभी होती. म्हणाली, "मला रक्त जात होतं, तेव्हाही तू कामावरच गेलास."
मी तिला चहा टाकायला सांगितला.

२ एप्रिल
दिएपनं अंडी पेटीतून काढून जमिनीवर मांडलीत. त्यांच्याभोवती अंग वळवून पडून असते, थरथरत. भात नेला, तो तसाच राहिला. सातकाका म्हणाले, ताप असेल. कपाळाला हात लावला. गार.

१९ एप्रिल
सतरा दिवस पोटात अन्न नाही. तरी वाळली नाही. पाठ लांब दिसते, फार लांब. पापणी लवत नाही. सातकाका दारातून बघून गेले ते परत आले नाहीत. हाक मारली तर कालव्यापलीकडूनच ओरडले, "पोरा, तू एकटा निघून जा इथून!"
कुठे जाऊ? सगळं इथेच घातलंय.

५ मे
पिल्लं निघाली. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. व्यापारी उद्या न्यायला येतोय. दिएपला सांगितलं. ती नुसती बघत राहिली — माझ्या मानेकडे —

६ मे
सकाळी पिशवी आणि नोंदीला ही वही घेऊन खोलीत गेलो. पिल्लं तिच्या अंगावर. एक उचललं. ती उठली. वाटलं, मारेल. तिनं मिठी मारली — कित्येक महिन्यांनी — "दमलास रे," म्हणाली. मला रडू फुटलं. चुकलं माझं, म्हटलं. खरंच म्हटलं.

अजून सोडत नाही. वही तिच्या पाठीवर टेकवून —

बाहेर व्यापाऱ्याचा हॉर्न. ओरडता येत नाही. मी श्वास सोडला की ती आणखी —