छबूबाई धूसर का आल्या, त्याचा खुलासा

रहाटणी, रविवार सकाळ

तीर्थस्वरूप दाजी,

औशाला तुमच्या आणि कौशल्याताईच्या पायांशी रहाटणीहून अर्जुनचा नमस्कार पोहोचावा. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, ताईने चहातली साखर सोडली का आणि म्हैस व्यायली का, हे सविस्तर कळवा. आमच्याकडे सगळं ठीक. साधनाची तब्येत उत्तम आहे. माझ्यावर रागावलेली असली की ती आणखी उत्तम असते.

माझ्या भाचीच्या, प्राजक्ताच्या साखरपुड्याला तीन आठवडे झाले. तेवढ्यात तुमचे अकरा फोन आले आणि मी एकही उचलला नाही. (साधना दर वेळी सांगायची, अंघोळीला गेलेत. त्यावर तुम्ही विश्वास ठेवला नसणार.) तोंडी सांगायचा धीर होत नाही म्हणून लिहितो. घरच्या ग्रुपवर मी जे फोटो टाकले, त्यांत प्राजक्ताचा डावा डोळा उत्तम आला आहे. उजवा बरा आहे. त्यापलीकडे नवरदेव कुलदीपराव, तुम्ही, ताई, भटजी आणि चऱ्होलीची समस्त पाहुणेमंडळी धुक्यात उभी असल्यासारखी दिसतात. कुलदीपरावांच्या आजी छबूबाई तर नुसता जांभळा डाग झाल्या आहेत.

हे माझ्या हातून व्हावं, याचंच मला जास्त वाईट वाटतं. चाकणच्या कंपनीत मी अठ्ठावीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. सप्लायर मालाबरोबर सर्टिफिकेट पाठवायचा, त्यावर सही-शिक्का सगळं असायचं. मी ते बाजूला ठेवून प्रत्येक लॉटमधले पाच नग स्वतः मोजायचो आणि केसाएवढा फरक निघाला तरी गाडी परत पाठवायचो. त्याच मी निवृत्तीला मिळालेल्या कॅमेऱ्यासाठी लेन्स कोणती घ्यावी, हे मोबाइलवरच्या एका पोराला विचारलं. ‘भिंगवाला भाऊ’ असं त्याच्या चॅनेलचं नाव. तो सांगायचा, कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स कपाटात टाका, ही घ्या, तिचं तोंड कायम सताड उघडं ठेवा आणि माणसामागचं सगळं विरघळवून टाका. मी त्याचे चाळीस व्हिडिओ पाहिले, वहीत टिपणं काढली. दुसऱ्या एका माणसाने नेमकं उलट सांगितलं, तेव्हा मी त्या दुसऱ्याला बघायचं सोडून दिलं. (आपल्या मनातलं बोलतो तो अभ्यासू, एवढीच माझी कसोटी उरली होती.)

साखरपुड्यात लेन्सने सांगितल्याप्रमाणे सगळं विरघळवलं. तिचा काही दोष नाही. पण साखरपुड्यात माणसामागचं म्हणून काही नसतंच, दाजी. मागे उभे असतात तेही आपलेच असतात.

पहिले तीन-चार दिवस मी त्या पोराला मनात शिव्या घातल्या. मग पुन्हा त्याचे व्हिडिओ लावले, या वेळी इन्स्पेक्टरच्या नजरेने. दोन गोष्टी सापडल्या. एक, चाळीस व्हिडिओंत त्याने फोटो काढले होते ते एका कुंडीचे, एका मांजराचे आणि एकट्या बसलेल्या एका मुलीचे. चार माणसं एकत्र कुठंच नाहीत. दोन, मागचं विरघळवा म्हणणारा हा माणूस स्वतः बोलायला बसला की त्याच्या मागची खिडकी लख्ख दिसायची, आणि त्या खिडकीतून दिसायची आमच्या कॉलनीमागची पाण्याची टाकी. मी चप्पल घातली. साधना म्हणाली, भांडू नका. मी म्हणालो, भांडत नाही, ऑडिटला चाललोय. टाकी कोणत्या बाजूने तशी दिसते ते बघत बघत तिसऱ्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर मी त्याची बेल वाजवली.

त्याचं खरं नाव रविराज. वय असेल सव्वीस. मी प्रिंट पुढे ठेवले. त्याने एकेक नीट पाहिला, हसला नाही. “काका, लेन्स चांगलीच आहे,” तो म्हणाला. “पण तुमच्यासमोर किती माणसं उभी राहणार, ते मला कुठं माहीत होतं?”

मी विचारलं, “तू किती दिवस वापरलीस ही?”

“चार. पाचव्या दिवशी लेन्सच्या कंपनीचा माणूस येऊन घेऊन जातो.”

“मग कायम उघडी ठेवा, हे कशावरून सांगितलंस?”

त्याने प्रिंट पुन्हा एकावर एक रचले. मग म्हणाला, “तसं सांगितलं की लोक बघतात.” (खोटं बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.) त्याने चहा केला. चहा पिता पिता मी त्याला सांगितलं की आमच्या कंपनीत चार दिवस वापरलेल्या मोजमापाच्या गेजवर कोणी शिक्का मारत नाही. तो म्हणाला, “बरोबर आहे.” आणि ते त्याने कागदावर लिहून घेतलं. का घेतलं कोण जाणे.

तिथून उतरताना मी ठरवलं की यापुढे कोणाचंही ऐकायचं, पण सही स्वतः मोजल्याशिवाय करायची नाही. दुसऱ्या दिवसापासून बागेतल्या कट्ट्यावरच्या सात ज्येष्ठांना मी मागे-पुढे बसवलं आणि लेन्सचं तोंड आकड्याआकड्याने बारीक करत प्रत्येक आकड्याला एकेक फोटो काढला. सगळ्यात मागे धोंडीबा मास्तर. ते दर फोटोला विचारायचे, “मी आलो का?” मी सांगायचो, “अजून नाही.” आकडा आठवर आला तेव्हा मास्तर मिशांसकट आले. टाळ्या वाजल्या. पाच सकाळी, पाच वेळा मोजलं. आकडा आठ. कपाटातल्या जुन्या लेन्सनेही मास्तर तितकेच स्पष्ट आले, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

मग मी एकटाच चऱ्होलीला गेलो. व्याह्यांकडे न बोलावता जाणं बरं दिसत नाही, पण तुम्हाला विचारायचं तर फोन उचलावा लागला असता. छबूबाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, “मी तितं हुते का न्हाई, आसं म्या कुलदीपला इचारलं. त्यो म्हनला, आजी, ती जांभळी हाय ना, ती तू.” साडी खास साखरपुड्यासाठी घेतली होती. राग नव्हता, दाजी. राग असता तर बरं झालं असतं.

मी त्यांना तीच साडी नेसायला लावली. आकडा आठ, अंगणातला उजेड, मांडीवर शेंगांचं सूप. त्यांनी फोटो कॅमेऱ्यात बराच वेळ पाहिला.

“हात लई म्हातारं झालं की,” म्हणाल्या. मग म्हणाल्या, “पर माजंच हायती.”

फ्रेम करून आणतो म्हटलं, तर नको म्हणाल्या. “भितीवर नगं लावू एवढ्यात. लोकं हार घालत्यात.” म्हणून नुसता प्रिंट नेऊन दिला; सध्या तो त्यांच्या डब्यात आहे, सोन्याच्या फुलांशेजारी.

असा सगळा प्रकार आहे. झाल्या चुकीबद्दल तुमची आणि ताईची मनापासून माफी मागतो. जिना जपून चढा.

तुमचा मेहुणा,
अर्जुन

ता. क. लग्नाला तुम्ही ठरवलेला फोटोग्राफर असू द्या, माझी तक्रार नाही. हळद मात्र माझ्याकडे द्यावी. हळदीत माणसं जागेवर उभी राहत नाहीत, त्यासाठी कोणता आकडा लागतो हे मी कट्ट्यावरच्या मंडळींना बागेत चालायला लावून तपासतो आहे. नाही म्हणालात तरी मी कॅमेरा घेऊन येणार आहे.

ता. क. २. पत्र बंद करण्यापूर्वी साधनाला वाचून दाखवलं. ती म्हणते, साखरपुड्याचे फोटो तिने स्वतःच्या मोबाइलवर काढून त्याच संध्याकाळी तुम्हाला पाठवले होते, सगळे स्पष्ट आले आहेत, तुम्ही त्यांचा अल्बमही छापून घेतलात, आणि ते अकरा फोन अल्बम कसा झालाय हे सांगायलाच होते. मला का नाही सांगितलंस, असं विचारलं, तर म्हणते, अंघोळीतून बाहेर आलात कुठं तुम्ही. तसं असेल तर वरची माफी परत घेतली असं समजावं. हळदीचं मात्र कायम.