धाकटीचं लाजणं

अहो,

नमस्कार. आम्ही मायलेकी ठीक आहोत, हे आधी वाचा आणि मग बसून पुढचं वाचा.

थोरलीच्या बुबुळाच्या कडेला आलेली गाठ काल काढली. मसुरीच्या डाळीएवढी होती. नजर शाबूत राहील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गाठ मात्र साधी नव्हती, पुन्हा येऊ शकते. पोरगी धीराची आहे हो. पट्टी बांधलेल्या डोळ्याने नर्सला घाबरवत फिरते.

उन्हाने झालेली इजा आपली कातडी भरून काढते, हिची काढत नाही. जन्मजात दोष आहे, तुमच्या-माझ्या दोघांकडून आलेला. सासूबाईंना सांगा, आता एकट्या माझ्या माहेराला बोल लावू नका.

आपण तिला टोपी घातली, लांब बाह्यांचे झगे शिवले, तोंडाला मलम फासलं. डोळे तेवढे उघडे ठेवले. डोळ्यांनाही ऊन बाधतं, हे आपल्या डोक्यातच आलं नाही. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

तुम्ही वेळेवर जेवता ना?

तुमचं पत्र आज मिळालं. धाकटी हल्ली लाजरी झालीय, दाराबाहेर नेलं की तुमच्या खांद्यात तोंड खुपसते, असं कौतुकाने लिहिलंत. त्या वयात थोरलीही अशीच करायची. आपण हसायचो.

अहो, ती लाजत नाहीये. तिला आधी घरात घ्या, खिडक्यांना जाड चादरी लावा. आणि दिवस मावळला की तिला घेऊन इकडे निघा.

वाट बघतेय,
तुमचीच