फक्कीचे घर

राहुरी, रविवार संध्याकाळ

सकाळी घेतलेल्या काळ्या चपलांना सायंकाळी श्वेतवर्ण प्राप्त झाला. हे पाप माझ्या धाकट्या बहिणीचे, सुमनचे. ती लहानशी बांधकामे घेते आणि पाया खणण्याआधी रिकाम्या प्लॉटवर चुन्याच्या पांढऱ्या फक्कीने अख्खे घर आखते, खऱ्या मापाचे. मग मालकाच्या कुटुंबाला त्यात संध्याकाळभर वावरायला लावते. मी पडलो वार्ताहर, बातमी मिळेल म्हणून गेलो, तर ही ओरडली, "दादा, भिंतीतून काय येतोस? दारातून ये!"

पण काय मजा आली! मालकीणबाई फक्कीच्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि नवऱ्यावर कडाडल्या, "फ्रीज कुठं ठिवू? तुमच्या डोक्यावर?"

"आगं, कागदावर तर लई मोठं दिसत हुतं!"

सुमनने पायाने एक रेघ पुसली, फूटभर पलीकडे दुसरी ओढली. झाले! विटांची भिंत असती तर? तोडा, भांडा, काम रखडवा. म्हणूनच हिची घरे ठरल्या वेळी उभी राहतात. इतके सोपे? मग बाकीचे का करत नाहीत? बहुधा संध्याकाळ खर्ची पडते म्हणून.

बघायला जमलेले तीन शेजारी तिथेच म्हणाले, "ताई, आमचं बी दिवाळीच्या आत करा की." ती तिघांनाही हो म्हणाली. मी तर टाळ्याच वाजवल्या.

आता लिहिताना हात थबकतो. रेघा आखायला, गवंड्यांवर लक्ष ठेवायला ती एकटी. आजवर तिने एका वेळी एकाच घराचे काम घेतले. सुमनला कुणाला नाही म्हणता येत नाही, याचीच मला भीती वाटते.